कॉपीराइटची तक्रार आलीय, आता काय करू?

या वेळी एकाच विषयावरची इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. मी स्वतः नऊ वर्षं एका वेबसाइटची तक्रारपेटी सांभाळलीय. लोक तिथे लेख, फोटो, व्हिडिओ टाकायचे आणि सकाळी लॉगिन केलं की "हे माझं आहे, काढा" असे मेल वाट बघत बसलेले असायचे. त्यामुळे खालच्या उत्तरांमध्ये थोडा कायदा आहे आणि बाकी ठेचा खाऊन आलेलं शहाणपण. मी वकील नाही, तुमच्या हातात कोर्टाचा कागद पडला असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि वकील गाठा.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मिळून एक साइट चालवतो, लोक त्यावर आपापल्या कविता, नोट्स, फोटो अपलोड करतात. परवा इंग्रजीत मेल आला, तुमच्या साइटवर आमचा कॉपीराइट असलेला मजकूर आहे, २४ तासांत काढा नाहीतर लीगल ॲक्शन घेऊ. खाली कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि लिंक फक्त आमच्या होमपेजची. एक मित्र म्हणतो जे जे संशयास्पद वाटतंय ते सगळं उडवून टाकू, दुसरा म्हणतो स्पॅम आहे, डिलीट कर. मी मधे अडकलोय.

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. तक्रार म्हणजे निकाल नाही, एका माणसाचं म्हणणं आहे, पण म्हणणं आहे म्हणून ते नीट वाचायला तर हवंच ना. मी मेल उघडला की चारच गोष्टी शोधायचे. कुठली कलाकृती, आपल्या साइटवर नेमकी कुठे, तक्रार करणारा तिचा मालक आहे की मालकाने नेमलेला, आणि त्याच्याशी संपर्क कसा करायचा. तुमच्या मेलमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाहीये. होमपेजची लिंक म्हणजे "तुमच्या गावात माझा चोर आहे" असं म्हणण्यासारखं, अहो पण कुठल्या घरात?

आणि ही काही पळवाट नाही, कोर्टानेही हेच बघितलंय. दिल्ली हायकोर्टात मायस्पेस या सोशल साइटविरुद्ध एका मोठ्या म्युझिक कंपनीची केस चालली होती, २०१६ च्या डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितलं की तुमच्या साइटवर कुठेतरी आमची गाणी असणार एवढी मोघम जाणीव करून देऊन भागत नाही, नेमकं काय आणि कुठे ते कळलं पाहिजे. अमेरिकेच्या डीएमसीए या इंटरनेटवरच्या कॉपीराइटच्या कायद्यातही, १९९८ चा आहे तो, तक्रारीत काय काय असावं याची यादीच दिलीय, सहीपासून ते "यातली माहिती खरी आहे" या विधानापर्यंत. पण त्यात एक मेख आहे. तक्रारीत कलाकृती, लिंक आणि संपर्क एवढं जरी असेल आणि बाकीचं राहिलं असेल, तर "फॉर्म अपुरा आहे" म्हणून ती फेकून देऊन मोकळं होता येत नाही, उरलेलं मागून घ्यायचा प्रयत्न करावा लागतो.

म्हणून तुम्ही आज काय करायचं, तर तीन ओळींचं उत्तर. मेल मिळाला, कुठल्या पानावरचा कुठला मजकूर त्याची लिंक द्या, मूळ कुठे छापून आलंय ते दाखवा, तुम्ही मालक आहात की त्यांच्या वतीने लिहिताय ते कळवा. बस. सॉरीही नको आणि "आमचा काही संबंध नाही" हेही नको, दोन्ही पुढे महागात पडतं.

समजा त्यांनी लिंक दिली. मग लगेच डिलीटचं बटण दाबू नका, आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे, आणि कुठल्या अकाउंटवरून कधी अपलोड झालं ते टिपून ठेवा. आम्ही सुरुवातीच्या वर्षी घाबरून आधी डिलीट करायचो, मग महिन्याभराने ज्याचा लेख उडवला तो भांडायला यायचा आणि आमच्याकडे दाखवायला लेखच नसायचा! तेव्हापासून डिलीट नाही, फक्त लपवायचं. पान बाहेरच्यांना दिसत नाही पण आत जसंच्या तसं राहतं.

वेळेचं म्हणाल तर त्यांनी लिहिलेले २४ तास हे त्यांच्या मनाचे आहेत. भारतात कॉपीराइट नियम २०१३ मधला ७५ वा नियम बघा. लेखी आणि पूर्ण तक्रार आली आणि ती बघून तुमची खात्री पटली, तर ३६ तासांच्या आत तो मजकूर लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची, आणि जो कोणी तिथे येईल त्याला का दिसत नाही याचं कारण लिहून ठेवायचं. तक्रार करणाऱ्यालाही फुकट सोडलेलं नाही बरं का, त्याला तक्रारीतच हमी द्यावी लागते की मी कोर्टात जाईन आणि २१ दिवसांत आदेश आणून दाखवीन. आदेश आला नाही तर तुम्ही मजकूर परत लावू शकता, आणि त्याच माणसाने त्याच कलाकृतीबद्दल त्याच जागेसाठी पुन्हा नोटीस पाठवली तर तिला उत्तर द्यायचं बंधन उरत नाही. हे २१ दिवसांचं बऱ्याच साइटवाल्यांना माहीतच नसतं, एकदा लपवलं की ते कायमचं गेलं असं धरून चालतात.

डीएमसीए आपल्याला लागू आहे का असंही एकाने विचारलंय. तुमचं होस्टिंग, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय ते, अमेरिकेतल्या कंपनीकडे असेल तर तक्रार तुमच्याऐवजी थेट तिच्याकडे जाऊ शकते, आणि ती स्वतःची कातडी वाचवायला तुम्हाला मुदत देते नाहीतर सरळ पान बंद करते. तुम्ही कुठल्या देशात बसलाय हे ती विचारतही नाही. आणि लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी साइटवर येऊ नये म्हणून त्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते तुम्हाला स्वतःला हवं असेल तर तिथल्या कॉपीराइट ऑफिसच्या ऑनलाइन यादीत तुमच्या एजंटचं, म्हणजे तक्रारी स्वीकारणाऱ्याचं, नाव नोंदवावं लागतं, दर ३ वर्षांनी नव्याने. नोंद संपलेली असताना तक्रार आली तर कवच नाही, आणि विसरतात हो लोक, डोमेनची तारीख लक्षात ठेवतात पण ही नाही.

प्रश्न : आमच्या साइटवर एका लेखाला फोटो हवा होता म्हणून सर्चमध्ये सापडलेला लावला, खाली "साभार : गुगल" असंही लिहिलं होतं. आता फोटोग्राफरच्या वतीने एका एजन्सीचा मेल आलाय, फोटो काढून टाका आणि नुकसानभरपाई द्या. फोटो आम्ही लगेच काढून टाकला. आता विषय संपला ना? फोटोवर कॉपीराइटचं चिन्हही नव्हतं.

उत्तर : नाही संपला, वाईट वाटून घेऊ नका.

"साभार गुगल" हे वाचलं की मला हसावं का रडावं कळत नाही. गुगलने तो फोटो काढलेला नाही, त्याने फक्त कुठे आहे ते दाखवलं. रस्ता दाखवणाऱ्याचे आभार मानून घरातली वस्तू उचलून आणली, असं झालं ते. आणि फोटोग्राफरचं खरं नाव लिहिलं असतं तरी नाव देणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. चिन्हाचं म्हणाल तर १८८६ च्या बर्न कराराचा नियमच असा आहे की हक्क मिळायला नोंदणी, चिन्ह असलं काहीही लागत नाही, फोटो काढला की हक्क आला, आणि आज १८० हून जास्त देश त्या करारात आहेत.

दुसरी गोष्ट, वर ज्या संरक्षणाबद्दल लिहिलं ते लोकांनी अपलोड केलेल्या मजकुरासाठी असतं. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या ऑफिसातल्या माणसाने लावलेला फोटो त्यात बसत नाही, तिथे तुम्ही मधले नाही, प्रकाशक आहात. फोटो काढून टाकल्यामुळे पुढचं नुकसान थांबलं, मागचं पुसलं गेलं नाही.

पण म्हणून मागितलेली रक्कम डोळे झाकून पाठवू नका. एजन्सीला विचारा, फोटोग्राफरने तुम्हाला नेमल्याचा कागद दाखवा, मूळ फाइल किंवा पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचा पुरावा द्या, आणि हा आकडा कशावरून काढला, एरवी या फोटोचं लायसन्स केवढ्याला देता. खरी एजन्सी असेल तर दोन दिवसांत सगळं पाठवते, आणि आकडाही खाली येतो असा माझा अनुभव आहे. भुरटी असेल तर फक्त धमकीचे शब्द वाढत जातात.

अजून एक तपासा, फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे अटी पाळून कुणालाही वापरू देणाऱ्या खुल्या लायसन्सचा, होता का. तसा असेल आणि फक्त नाव द्यायचं राहिलं असेल तर त्या लायसन्सच्या ४.० आवृत्तीत एक सोय आहे. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तुटलेली परवानगी आपोआप परत जोडली जाते. मधल्या काळाचा हिशोब ते मागू शकतात, पण भांडायला तुमच्या पायाखाली जमीन तरी असते. काही लोक मुद्दाम जुन्या आवृत्तीत फोटो सोडतात, कारण तिथे ही सवलत नाही, आणि मग नाव विसरलेल्यांना गाठत फिरतात. असाही धंदा चालतो!

प्रश्न : माझं उलटं आहे. मी दोन वर्षं खपून लिहिलेली लेखमाला एका साइटने जशीच्या तशी उचलली, माझं नाव काढून. चार मेल टाकले, उत्तर नाही. आता?

उत्तर : तुमचे चार मेल मी वाचले, तुम्ही सोबत जोडले होते म्हणून. रागवू नका पण तिसऱ्यात फक्त शिव्या आहेत. तक्रारपेटीवर बसलेल्या माणसाला शिव्या रोजच मिळतात, त्याला हवी असते लिंक. एका ओळीत तुमच्या लेखाची लिंक आणि तारीख, पुढे त्यांच्या पानाची लिंक, प्रत्येक भागासाठी वेगळी जोडी. सोळा भाग तर सोळा जोड्या, कंटाळवाणं आहे, पण "सगळी लेखमाला चोरली" या वाक्यावर कोणीही हलत नाही. सोबत एखादी अशी खूण दाखवा जी फक्त चोरलेल्या प्रतीतच सापडू शकते. तुमच्या पाचव्या भागात एक टायपो आहे, "परिणाम" च्या जागी "परिमाण", तो त्यांच्याकडेही तसाच आहे, मी बघून आले. याहून बोलका पुरावा नाही.

साइटवाला गप्प असेल तर त्याच्या वर चढा. डोमेनच्या नोंदीतून आणि सर्व्हरच्या पत्त्यावरून होस्टिंग कंपनी सापडते, तिच्याकडे गैरवापराच्या तक्रारीसाठी वेगळा फॉर्म असतो. साइट आणि वाचक यांच्या मधे उभी राहणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल तर खरा होस्ट दिसत नाही, मग त्यांच्याच फॉर्ममधून तक्रार करायची, ती पुढे होस्टकडे पाठवली जाते. आणि सर्च इंजिनलाही कळवा, पान राहिलं तरी शोधात दिसायचं बंद होतं आणि चोराला तीच येणारी गर्दी हवी असते. एक लक्षात ठेवा, गुगलकडे आलेल्या अशा तक्रारींच्या प्रती ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात, २००२ पासून चाललाय तो, त्यामुळे तक्रारीत जे लिहाल ते जगाने वाचलं तरी चालेल असंच लिहा.

नाव काढलं याचं दुःख वेगळं आहे आणि कायद्यालाही ते वेगळं दिसतं. भारतीय कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम लेखकाला स्वतःचं नाव मागायचा हक्क देतं, हक्क विकून टाकले असले तरीसुद्धा. तक्रारीत ते जरूर लिहा.

प्रश्न : माझा व्हिडिओ कोणीतरी तक्रार केली म्हणून काढला गेला. मागे जेमतेम काही सेकंद गाणं वाजत होतं आणि मी त्यावरच टीका करत होते. साइटवाले म्हणतात काउंटर नोटीस द्या, म्हणजे व्हिडिओ चुकून काढलाय असं उलट लेखी कळवा. देऊ का, उलटं अंगावर येईल का?

उत्तर : तुमच्यासारखीच एक केस अमेरिकेत गाजलीय. २००७ मध्ये एका आईने आपल्या बाळाचा स्वयंपाकघरात नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे प्रिन्स नावाच्या गायकाचं गाणं वाजत होतं, म्युझिक कंपनीने तो काढायला लावला. बाई भांडली. २०१५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की तक्रार करण्याआधी हा वापर कायद्यात बसतोय का याचा विचार तक्रार करणाऱ्याने करायलाच हवा. म्हणजे २९ सेकंदांसाठी आठ वर्षं, तेवढ्यात बाळ शाळेतसुद्धा जायला लागलं असेल.

मला वाटतं टीका, समीक्षा यासाठी थोडासा भाग वापरणं बहुतेक कायद्यांत चालतं, पण "अमुक सेकंदांपर्यंत फुकट" असा नियम ना भारतात आहे ना अमेरिकेत, ती निव्वळ अफवा आहे आणि ती कोणी पसरवली देव जाणे. डीएमसीएखाली काउंटर नोटीस देताना एवढं समजून घ्या की त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, तो तक्रार करणाऱ्याकडे जातो, आणि अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य आहे असंही लिहावं लागतं. मग १० ते १४ कामाच्या दिवसांत समोरचा कोर्टात गेला नाही तर व्हिडिओ परत येतो. टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं, पत्ता द्यायची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. तुमचा पत्ता त्यांच्या हातात पडलेला चालणार असेल तर द्या.

आणि चोराच्या उलट्या बोंबाही असतात. आमच्याकडे एकदा तक्रार आली, "तुमचा लेख आमच्या साइटवरून चोरलाय, आमची तारीख बघा, तुमच्या आधीची." तारीख खरंच दोन महिने आधीची होती. लेखिकेला फोन केला तर ती रडायलाच लागली. मग मी जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ती साइट टाकून बघितली, तर ज्या दिवशी लेख टाकल्याचं लिहिलं होतं त्या दिवशी ती साइटच अस्तित्वात नव्हती, डोमेन तक्रारीच्या आदल्याच आठवड्यात घेतलेलं. लेखात एका माणसाच्या गैरव्यवहाराची माहिती होती, त्याला तो लेख नको होता, एवढंच. पानावरची तारीख काय, कुणीही बदलतं. असल्या खोट्या तक्रारी घाऊक करणाऱ्यांवर गुगलने २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात केस केली होती, एक लाखाहून जास्त लिंकांवर त्यांनी तक्रारी ठोकल्या असा आरोप होता. भारतात बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कोर्टात जायला कॉपीराइट कायद्याचं ६० वं कलम आहे, फक्त समोरच्याने खरोखर केस लावून ती चालवली तर ते उपयोगी पडत नाही.

प्रश्न : एकाच युजरबद्दल तिसरी तक्रार आलीय. अकाउंट बंद करावं का? तो म्हणतो मला संधी द्या.

उत्तर : तिन्ही तक्रारी खऱ्या ठरल्या का ते आधी बघा, नुसत्या आल्या म्हणून मोजू नका. खऱ्या असतील तर बंद करा. डीएमसीएमध्ये वारंवार उल्लंघन करणाऱ्याला काढायचं धोरण असणं हीच संरक्षणाची अट आहे, आणि धोरण कागदावर ठेवून पाळलं नाही तर कोर्टात तोंडावर आपटायला होतं. किती वेळा म्हणजे वारंवार हा आकडा कायद्याने दिलेला नाही, तुम्ही ठरवा, साइटवर लिहा आणि मग ओळखीचा असो की अनोळखी, सगळ्यांना तोच लावा.

प्रश्न : आमच्या लेखाचं शीर्षक आणि विषय "त्यांचा" आहे अशी तक्रार आलीय, मजकूर पूर्ण वेगळा आहे.

उत्तर : मग कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही. कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, आपल्या सुप्रीम कोर्टाने हे १९७८ मध्येच आर. जी. आनंद यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. चार शब्दांच्या शीर्षकालाही सहसा मिळत नाही. नाव ब्रँड म्हणून नोंदलेलं असेल तर तो ट्रेडमार्कचा वाद झाला, त्याचे नियम वेगळे. नम्रपणे एवढंच कळवा आणि फाइल बंद करा. बदनामी झाली, खासगी फोटो टाकला, असल्या तक्रारीही लोक कॉपीराइटच्या फॉर्ममधून पाठवतात कारण तोच फॉर्म चटकन हलतो. खासगी फोटोची असेल तर फॉर्म चुकला म्हणून परत पाठवू नका, त्याच तासाला बघा.

प्रश्न : तक्रार करणारा म्हणतोय अपलोड करणाऱ्याचं नाव आणि फोन द्या, मी त्याच्याशी बोलतो. द्यायचं का? आणि हे सगळं रेकॉर्ड किती दिवस सांभाळायचं?

उत्तर : फोन देऊ नका. तक्रार खरी असली तरी नाही. त्याचा निरोप तुम्ही अपलोड करणाऱ्याला पोचवा, त्याला वाटलं तर तो बोलेल, आणि कोर्टाने मागितलं तर कोर्टाला द्या. आमच्याकडच्या एकाने चांगुलपणाने नंबर दिला होता, समोरच्याने रात्री-अपरात्री फोन करून त्या पोराला इतकं छळलं की त्याने लिहिणंच सोडलं.

रेकॉर्डचं म्हणाल तर भारतात कॉपीराइटच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, त्याहून थोडं जास्तच ठेवा. प्रत्येक तक्रारीचा वेगळा फोल्डर, त्यात मूळ मेल, स्क्रीनशॉट, तुमचं उत्तर, आणि काय ठरलं, कोणी ठरवलं याची दोन ओळींची नोंद. "काढलं" एवढंच लिहू नका, का काढलं ते लिहा, सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच आठवत नाही. फोल्डरच्या नावात वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२४-०३-१७ असं, ते आपोआप क्रमाने लागतात.